काठाचा लाल दोरा

माझ्या पीएचडीच्या प्रबंधात एक फोटो आहे. एका जाळीदार पट्टीचा, खूप मोठा करून काढलेला. चांदी चढवलेले बारीक दोरे उभे-आडवे गेलेत आणि डाव्या काठाला एकच लाल दोरा आहे. खाली इंग्रजीत लिहिलंय की दिशा ओळखता यावी म्हणून काठाला रंगीत दोरा टाकला आहे. कोणी टाकला ते लिहिलेलं नाही. प्रबंध माझ्या कपाटात वरच्या फळीवर असतो आणि मी तो सहसा खाली काढत नाही.

मी सोलापूरची, पूर्व भागातली, विणकरांच्या घरातली. घरात आम्ही तेलुगू बोलतो, वडिलांना नायना म्हणतो, ते मला बिड्डा म्हणतात, म्हणजे लेकरू. नायनांनी आयुष्यभर टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग चालवले, पण त्यांचा जीव आजोबांच्या हातमागावर. तो त्यांनी वर पत्र्याच्या खोलीत मांडून ठेवला होता. काढून टाका तो, जागा अडते, असं आईनं किती वेळा सांगितलं असेल. ते हूं म्हणायचे आणि वर जाऊन मागाची धूळ पुसून यायचे. रोज सकाळी मराठी पेपर वाचतात, ओठ हलवत, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, छोट्या जाहिरातींसकट. इंग्रजी त्यांना येत नाही.

मी युनिव्हर्सिटीत नेमकं काय करते, असं त्यांनी एकदा विचारलं होतं. मी मोबाईल पुढं धरला. म्हटलं, ह्या काचेवर एक थर असतो, डोळ्यांना दिसत नाही, पण त्यातून वीज जाते, म्हणून तर बोट लावलेलं फोनला कळतं. पण तो थर मेला ठिसूळ. काच सपाट आहे तोवर ठीक, जरा वाकवलं की तडकतो. आता सगळ्यांना घडी घालता येणारा फोन पाहिजे, गुंडाळून ठेवता येणारा दिवा पाहिजे. म्हणून असा थर हवाय की जो आरपार दिसेल, वीज नेईल आणि कापडासारखा वाकेल. नायनांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग कापडच घ्या की. मी हसले. खरं तर जरा जास्तच हसले.

वर्षभरानं आम्ही कापडावरच आलो. म्हणजे जाळीवर. केसासारख्या बारीक नायलॉनच्या दोऱ्यांची विरळ जाळी घ्यायची, आरशामागं चढवतात तशी तिच्यावर चांदी चढवायची, आणि मग ती पारदर्शक मऊ प्लास्टिकमध्ये दाबून बसवायची. दोरे इतके बारीक आणि मधली घरं इतकी मोठी, की डोळ्यांना नुसतं प्लास्टिक दिसतं. त्याच्यामागं चमकणाऱ्या भुकटीचा लेप दिला आणि वीज सोडली की सगळी पट्टी हिरवट उजेडानं पेटते. वाकवली तरी पेटलेली राहिली पाहिजे, एवढंच मला सिद्ध करायचं होतं. पण परदेशातून मागवलेली जाळी यायला महिने लागले आणि आली ती हातरुमालाएवढी. माझे गाईड, म्हणजे आमचे सर, म्हणाले, इथंच कुणी फिल्टरचं कापड विकणारा गाठ. मी उन्हातान्हात दुकानं पालथी घातली. तसलं काही मिळालं नाही.

घरी जेवताना माझी चिडचिड चालली होती. नायना ताटावरून उठले. हात धुतले, माझ्याकडची जाळीची चिंधी मागून घेतली, खिडकीशी गेले आणि भिंगाखाली धरून सुईच्या टोकानं दोरे मोजत बसले. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. बऱ्याच वेळानं म्हणाले, विणतो मी. आई म्हणाली, झालं, आता हे वरून खाली उतरायचे नाहीत.

आणि खरंच उतरले नाहीत. फणी म्हणजे मागावरची दातेरी पट्टी, तिच्यातून उभे दोरे ओवतात. नायनांनी दोरा ओवताना फणीची मधली घरं रिकामी सोडली, म्हणजे जाळी विरळ व्हावी. नायलॉन गुळगुळीत, एका जागी ठरत नाही, सरकतो. तर त्यांनी ताण्याला, म्हणजे उभ्या दोऱ्यांना, असा ताण दिला की बोट लावलं तर टण्ण वाजेल. विणून झालं की कागदात धरून हलकी इस्त्री फिरवली, दोरे जागच्या जागी बसले. चार बोटं रुंद आणि हातभर लांब पट्टी त्यांनी माझ्या हातात ठेवली. मी ती खिडकीकडं धरली तर पलीकडच्या घराच्या पाण्याच्या टाकीवरची अक्षरं वाचता आली. डाव्या काठाला लाल दोरा होता. आमच्या घरातल्या प्रत्येक विणलेल्या गोष्टीला तो असतो, माझ्या दुपट्यालासुद्धा होता. मी जन्मापासून पाहत आले होते, म्हणून तो कशासाठी असतो हे विचारावंसं कधी वाटलंच नाही.

आता खरं सांगायचं ते इथून.

लॅबमध्ये आम्ही पाचजण होतो. त्यातला एक अकलूजकडचा, घरचा ऊस, मोकळ्या स्वभावाचा, आमच्याकडं चारदा जेवून गेलेला. मी जाळीवर काम करणार म्हटल्यावर तो हसत म्हणाला होता, "झालं की मग, सोलापूरवाल्यांनी पीएचडीची पण चादर केली." सगळे हसले, मीही हसले. त्याच्या मनात काही नव्हतं. माझ्याच मनात होतं. माझं मराठी बोलताना मध्येच तेलुगू वळण घेतं, मागांच्या खडखडाटामुळं माझ्या चुलत्यांच्या कानात कापसाचे पुंजके असतात, मी फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय 'नोकरी' असा लिहिते. ह्या सगळ्याची मला लाज वाटायची, आणि लाज वाटते ह्याचा राग यायचा. तो राग मी घरी काढायचे.

पट्टी घेऊन मी लॅबमध्ये गेले त्या दिवशी दारातच थांबले. पर्समधून कात्री काढली आणि लाल दोऱ्याचा काठ कापून टाकला. लाल काठानं ती पट्टी एकदम घरची दिसत होती. कापल्यावर साहेबी दिसायला लागली. सरांनी हातात घेतली, उजेडाकडं धरली, म्हणाले, कुठून मिळवलीस गं? मी म्हणाले, एमआयडीसीत एक फिल्टरवाला आहे. बोलायला दोन सेकंदही लागले नाहीत. कापलेला काठ माझ्या मुठीत होता.

चांदी सुरेख चढली. पट्टीचे चौकोन कापले, चारी बाजू सारख्या, आणि वाकवायच्या यंत्राला लावले. यंत्र कसलं, गाडीच्या काच पुसायच्या मोटारीवर आम्हीच बनवलेला सांगाडा. चौकोन वाकवायचा, सरळ करायचा, वाकवायचा, सरळ करायचा, दिवसभर टकटक. पहिला चौकोन संध्याकाळपर्यंत पेटलेला राहिला. मी आनंदानं लॅबभर शेंगा वाटल्या. दुसरा चौकोन अर्ध्या तासात गेला, उजेडात काळ्या रेघा पडल्या. तिसरा चांगला. चौथा गेला, पाचवाही गेला. एकाच पट्टीतले चौकोन, एकाच दिवशी चांदी चढवलेली, निम्मे टिकायचे आणि निम्मे मरायचे. सर म्हणाले, तुझ्या त्या फिल्टरवाल्याचा माल एकसारखा नाही. सांग त्याला.

मी सांगितलं की. घरी येऊन सांगितलं. नायना, विण एकसारखी येत नाहीये, कुठं घट्ट कुठं सैल होतंय. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, ताण तर एकच होता. मी म्हणाले, मशीन खोटं बोलत नाही. त्यांनी दुसरी पट्टी विणली, अजून सावकाश. निम्मे चौकोन गेले. तिसरी विणताना ते दुपारचं जेवण वरच मागवायचे, उन्हानं पत्रा तापलेला, पंखा लावला तर दोरे हलतात म्हणून पंखा बंद. तीही तशीच निघाली. प्रत्येक वेळी मी दारात कात्री काढून काठ कापायचे. सवय झाली होती, बूट काढावेत तशी.

चौथी पट्टीही तशीच गेली तेव्हा सरांनी सगळ्यांसमोर सुनावलं की ह्या आकड्यांवर पेपर होत नाही, वर्ष वाया गेलं तुझं. मी तशीच घरी आले आणि चप्पल न काढता जिना चढले. नायना मागावर बसले होते, भिंग डोळ्याला लावलेलं, पाणी गळत होतं डोळ्यातून. मी म्हणाले,

"तुम्हाला दिसत नसेल तर तसं सांगा ना, नायना. माझी वर्षं का घालवताय?"

जिन्यात आई उभी होती, तिनंही ऐकलं. नायनांनी डोळा पुसला. भिंग डब्यात ठेवलं, डबा बंद केला. त्या रविवारी त्यांनी माग खोलला. लाकडं आईला दिली, तुळशीपाशी कुंड्यांना फळी करायला. फणी भंगारवाल्याला नेऊन दिली. शेजारच्यांनी विचारलं तर हसून म्हणाले, हात गेला आता, वय झालं की. मी खाली बसून भाकरी खात होते. मला वाटलं, चला, एकदाचं हे प्रकरण मिटलं. माझ्या मनात हे आलं होतं, म्हणून लिहिलंच पाहिजे.

पुढच्याच आठवड्यात मला लाल दोऱ्यानं गाठलं. चौथ्या पट्टीचा एक तुकडा घरी शिल्लक होता. त्या दिवशी घाईत होते, दारात सर समोरून आले, आणि मी काठ न कापताच आत गेले. चार चौकोन केले, चारींच्या एका बाजूला लाल दोरा. दोन टिकले, दोन गेले. चारही यंत्रात होते तसे टेबलावर मांडले तेव्हा दिसलं. मेलेल्या दोन्ही चौकोनांत लाल दोरा वाकवताना ओढ बसते त्या दिशेनं होता, म्हणजे ओढ ताण्यावर आली होती. जगलेल्या दोन्हीत तो ओढीला आडवा होता. मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर सगळं स्पष्ट होतं. नायनांनी ताणा एवढा ताणला होता की ते दोरे सरळ सुतात होते. त्यांना ओढ बसली की वरची चांदी तडकायची. बाणा, म्हणजे आडवा दोरा, ताण्याच्या खालीवर नागमोडी गेलेला. त्याला ओढलं तर तो आधी नुसता सरळ व्हायचा आणि चांदी शाबूत राहायची. जाळीत कुठंही खोट नव्हती. चौकोन मी कसाही लावत होते, कधी उभा, कधी आडवा. नुसत्या डोळ्यांना दिशा सांगणारी एकच खूण होती आणि ती मी दारात कापून टाकत होते.

आता आठवलं. लहानपणी आजोबा बोलता बोलता म्हणाले होते, टॉवेल धुतला की ताण्याच्या बाजूनं आटतो. कापल्यावर उभं कुठलं, आडवं कुठलं, शिवणाऱ्याला कळत नाही. म्हणून काठाला लाल दोरा. विणकरांच्या घरातली मी, मला हे माहीत नसावं? कपाळ माझं. शेजारच्या पोरीलाही माहीत असेल.

त्यानंतर मी आधीच्या पट्ट्यांचे उरलेले तुकडेही मायक्रोस्कोपखाली ताणा ओळखून बरोबर दिशेनं लावले. एकही गेला नाही. टकटक चालू, उजेड चालू. सर इतके खूष की त्यांनी स्वतः चहा मागवला.

त्या संध्याकाळी घरी जाऊन सांगायचं होतं. एकच वाक्य होतं, नायना, चूक माझी होती. पण ते सांगायचं तर कात्रीचं सांगावं लागणार. कात्री का काढली ते सांगावं लागणार. मी जिन्याखाली उभी राहिले, आत नायनांचा आवाज येत होता, भाजी काय आणू विचारत होते. म्हटलं, उद्या सांगू. उद्याचं परवा झालं. मग पेपर लिहायला घेतला, मग म्हटलं छापून आला की सांगू, आनंदाच्या भरात निघून जाईल. अशी मी स्वतःला फसवत राहिले.

आणि घरात रोज दिसत होतं. आधी आईनं सुईदोरा हातात घेतला की नायना तिच्याकडून ओढून घ्यायचे. आण इकडं, तुला काय जमतंय, म्हणत एका दमात दोरा ओवून द्यायचे. चिडवायचे तिला. आता आईनं सुई पुढं केली तरी ते माझ्याकडं बोट दाखवायचे, तिला दे, तिचे डोळे चांगले आहेत. मी ओवून द्यायचे. माझा दोरा दोन-तीनदा हुकायचा आणि आई म्हणायची, अभ्यासानं अशक्त झालीस बघ. असे आठ महिने गेले.

मग माझी तोंडी परीक्षा आली. ती सगळ्यांसमोर असते, घरचे येतात, पेढे असतात. मी नायनांना सांगितलं होतं की सगळं इंग्रजीत चालणार, कंटाळाल. तरी आले. पांढरा शर्ट, टोपी, आईसोबत शेवटच्या रांगेत बसले. बाहेरून आलेले परीक्षक मोठे जाणकार होते, शांतपणे एकेक विचारत गेले. मी जाळीचा फोटो लावला. भिंतभर मोठी जाळी आणि डावीकडं तो लाल दोरा, मनगटाएवढा जाड.

शेवटच्या रांगेत खुर्ची वाजली. नायना अर्धवट उठले होते, मान पुढं काढून पाहत होते. आईनं शर्ट धरून खाली बसवलं.

परीक्षकांनी विचारलं, चौकोनी नमुन्यात ताणा कुठला आणि बाणा कुठला हे तुम्ही ओळखलं कसं? मी इंग्रजीत उत्तर दिलं की आम्ही काठाला रंगीत दोरा घातला. आम्ही, म्हणाले मी. ते म्हणाले, किती साधी युक्ती आहे, ही तुमचीच का? माझ्या तोंडून हो गेलं. जाळी कुठली, असं विचारलं तर म्हणाले स्थानिक बाजारातली. सर अभिमानानं मान हलवत होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागं नायनाही वाजवत होते, मी काय बोलले त्यातलं एक अक्षर त्यांना कळलेलं नव्हतं, म्हणून.

घरी आल्यावर आईनं ओवाळलं. शेजारपाजारचे येऊन गेले. मग नायनांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि मला जवळ बोलावलं.

"बिड्डा, ती भिंतीवर दाखवलीस ती पट्टी. लाल दोरा होता की तिला. माझीच ना?"

मी मान हलवली.

"आणि ती चालली?"

"चालली, नायना. सगळ्यात चांगली चालली."

"मग ताण बरोबर होता."

"बरोबर होता."

स्वतःचे दोन्ही हात त्यांनी उलटेपालटे करून पाहिले, जसे काही कुणीतरी आत्ताच परत आणून दिलेत. डोळ्यातून पाणी आलं, पण त्यांचा तो डोळा तसाही गळतो, त्यांनी तसं दाखवलं आणि मीही दाखवलं. युक्तीचं त्यांनी विचारलं नाही. नाव कुठं लिहिलंय का, तेही विचारलं नाही. आईला हाक मारून म्हणाले, ऐकलंस का, हात गेला नव्हता. मग माझ्याकडं वळले आणि विचारलं,

"तुला कधी कळलं गं?"

सांगायचं असतं तर हीच वेळ होती. पेढ्याचा बॉक्स मांडीवर होता, कपाळावर कुंकू होतं.

"परवाच," मी म्हणाले.

"वाटलंच," नायना म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आधी कळलं असतं तर सांगितलंच असतंस की तू."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आईच्या हातातून सुई ओढून घेतली. दोन प्रयत्नांत ओवली. मग वर पत्र्याच्या खोलीत गेले आणि तसेच खाली आले. तिथं आता काहीच नव्हतं. तसली फणी पुन्हा मिळते का, म्हणून नंतर दोन-तीन ठिकाणी विचारूनही आले. मिळाली नाही.

त्या गोष्टीला आता काही वर्षं झाली. मी कॉलेजात शिकवते, मुलं मला तो फोटो दाखवायला सांगतात. प्रबंध इंग्रजीत आहे, नायनांना तो वाचता येत नाही, आणि त्याचा मला इतकी वर्षं आधार वाटला. हे मात्र मी मराठीत लिहिलंय. उद्या सकाळी पेपरवर ठेवणार आहे, त्यांच्या चष्म्याखाली. ते ओठ हलवत शेवटपर्यंत वाचतील.

परवा नव्हे, नायना. आठ महिने आधी.